खंडेनवमीचं पाणी

आमच्या घरात माझी एक ख्याती आहे – हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. खोटं नाही ते. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या पोरानं कॉलेज सोडलं, माझ्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालंच म्हणून समजा. नवरा म्हणतो, आपल्या घराला भोंग्याची गरज नाही. आणि अशा माझ्या पोटात ही एक गोष्ट इतकी वर्षं राहिली. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. देवापुढंही मी ती नीट उच्चारलेली नाही – तिथंही अर्धीच बोलते आणि घंटा वाजवून उठते. तुम्ही माझे कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय – बघते जमतं का.

लॅपटॉपपासून सुरुवात करू, की माझ्यापासून? माझ्यापासूनच करायला हवी.

शिरड शहापूरला मी सून म्हणून आले ती बारावी पास होऊन. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. त्या घरात तेव्हा बँकेचं पासबुक धड वाचणारं कुणी नव्हतं. मामा, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांना सांगायचे, ‘आमची थोरली सून कागद वाचती.’ हळूहळू गल्लीतल्या बायका माझ्याकडं येऊ लागल्या. कुणाचा रेशनचा अर्ज, कुणाचं शाळेतलं पत्र, कुणाचं दवाखान्याचं कार्ड. भाकरी थापता थापता मी हात धुवायची, पदराला पुसायची आणि वाचून दाखवायची. त्या वेळी माझा आवाज जरा बदलायचा, हे मला ठाऊक आहे. आवडायचं मला ते. दुसरं माझ्याकडं होतं तरी काय?

मग धाकट्या दिराचं, गजाननचं लग्न झालं आणि शीतल आली. गणित घेऊन पदवी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. स्वभावानं गरीब – हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तिच्यात खोट शोधत बसायला नको. मी पुष्कळ शोधली. सापडली नाही.

पहिले काही महिने बायका सवयीनं माझ्याकडंच आल्या. एकदा एका अर्जात माझी चूक झाली, शीतलनं ती मोबाइलवर बसल्या जागी दुरुस्त केली. तीही कशी? ‘ताईनं बराबर भरला होता, साइटच खराब हाय,’ असं त्या बाईला सांगून. माझी अब्रू राखली तिनं. आणि मला ते राखणंच झोंबलं. त्यानंतर दारात येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, ‘शीतल हाय का घरी?’ मी दारातच तूर निवडत बसलेली असायची. हाय म्हणायची, आत हाय, जा. माझं पोरगंसुद्धा वही घेऊन माझ्यासमोरून उठून काकूकडं जायला लागलं. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण कुणी तुमच्या पाटावरून तुम्हाला हळूच, हसत, नमस्कार करून उठवलंय कधी? मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही.

शीतलची मुलगी नुकती चालायला लागली होती तेव्हा तिला एक काम मिळालं. पुण्याची एक शिकवणी चालवणारी मंडळी होती – घरबसल्या लॅपटॉपवरून मुलांना गणित शिकवायचं. मुलाखत मोबाइलवर झाली, ती निवडली गेली. अट एकच, स्वतःचा लॅपटॉप हवा. दसरा झाला की आठवडाभर चाचणीचे तास, ते जमले तर काम पक्कं. मुलगी जवळ राहील, गजाननची मेंढरं राहतील, घर सोडावं लागणार नाही. दोघं नुसती हरखून गेली होती.

नवा लॅपटॉप आवाक्यातला नव्हता. गजाननला कुठून तरी कळलं की संभाजीनगरला कंपनीचंच एक दुकान आहे, तिथं परत आलेले लॅपटॉप कंपनी स्वतः उघडून, दुरुस्त करून, तपासून विकते. रिफर्बिश्ड म्हणतात त्याला. मामांना काही ते पटेना. ‘जनावर घेताना दात बघतेत. ह्याचं काय बघनार?’ गजानन हसला. वडलांना म्हणाला, ‘दावन बदलली म्हनून जनावर वाईट नसतंय, दादा.’ आणि गजाननचं म्हणणं घरात चालायचं, कारण जनावर पारखावं तर त्यानंच. बाजारात एडका घ्यायला जाणारी माणसं मुद्दाम त्याला गाडीवर बसवून सोबत न्यायची. तो पाठीवरून हात फिरवायचा, पापणी उलटून बघायचा, दोन पावलं चालवायचा आणि हो किंवा नाही सांगायचा. त्याचा शब्द कुणी मोडत नसे. आपले दोन एडके विकून त्यानं लॅपटॉपची सोय केली.

आमच्याकडं मोठी खरेदी थोरल्या सुनेच्या हातानं होते. ट्रॅक्टर असो की कपाट, तिनं हळदकुंकू लावल्याशिवाय वस्तू उंबरा ओलांडत नाही. म्हणून आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, मलाही सोबत पाठवलं. पदराला कुंकवाची पुडी बांधून मी एसटीनं संभाजीनगरला गेले.

दुकानाचं दार काचेचं. आत फरशी अशी चकचकीत की मी दारातच चपला काढल्या. आत गेले तर सगळे पायात बूट घालून. कुणी हसलं नाही. शीतल माघारी गेली, माझ्या चपला उचलून आणल्या आणि माझ्या हातात दिल्या. तिथं सगळ्यांसमोर वाकून घालायची मला लाज वाटली, म्हणून चपला हातात धरूनच उभी राहिले. काउंटरवरचा मुलगा तिला मॅडम म्हणत होता आणि मला मावशी. आमच्या दोघींत वयाचं अंतर किती असेल? फार नाही हो.

गजाननानं तिथंही एडका पारखावा तसा लॅपटॉप पारखला. झाकण दहादा उघडून मिटून पाहिलं, कडेनं बोट फिरवलं, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला. वर्षभराची कंपनीची हमी होती. खोकं मात्र साधं, तपकिरी, वर चित्रसुद्धा नाही. ती दोघं पावती करायला पलीकडं गेली, तेव्हा खोकं बांधणारा माणूस मला म्हणाला, ‘मावशी, काहीबी झालं तर कंपनी बघून घेते. फक्त पाणी सांभाळा. पाणी गेलं की हमी संपली.’

हे त्यानं मला एकटीला सांगितलं. मी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं सांगितलं नाही. मुद्दाम का? तेव्हा तरी मुद्दाम नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही.

दुकानाबाहेर पायऱ्यांवर गजाननानं आमचा फोटो काढला. शीतल खोकं छातीशी धरून हसतेय, शेजारी मी.

पुढच्या काही दिवसांत लॅपटॉप बघायला अर्धं गाव येऊन गेलं. शीतल गच्चीवर रेंज येते तिथं बसून सराव करायची – समोर मुलं असल्यासारखी एकटीच बोलायची, ‘आता सांगा बरं, उत्तर काय आलं?’ मी खाली अंगणात भांडी घासताना ऐकायची. तिचा आवाज बदललेला असायचा. ओळखीचा होता तो बदल.

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. मेंढरं कातरायच्या कातरी, कोयता, कुऱ्हाड, मामांची काठी. धुऊन पुसून पाटावर मांडायची, थोरल्या सुनेनं पूजा करायची. आंब्याच्या पानानं तांब्यातलं पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. ते विसाव्याला असतं. त्या दिवशी आमच्यात विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत.

शीतलनं लॅपटॉप वेगळ्या पाटावर ठेवला होता, खाली नवा टॉवेल अंथरून, झाकण मिटून. मिटल्या झाकणावर चार थेंब पडले तर काय होणार? तिला काळजी नव्हती. काळजी करावी असं कुणी तिथं नव्हतंच, तिच्या हिशेबी. आत मुलगी रडायला लागली म्हणून ती उठून गेली. आत्याबाई चुलीपुढं पुरणात गुंतलेल्या, पुरुष माणसं मेंढरांकडं. अंगणात मी एकटी.

मी झाकण उघडलं. आतही कुंकू लावावं म्हणून उघडलं – हे मी मला दिलेलं कारण. उघडल्याबरोबर पडदा उजळला. त्यावर तो फोटो होता. पायऱ्यांवरचा, आमच्या दोघींचा. लॅपटॉप उघडला की पहिल्यांदा दिसावा म्हणून तिनं तो लावून ठेवला होता. तिचं कौतुकच होतं ते – थोरल्या जावेबरोबर जाऊन आणलेली पहिली वस्तू. आज कळतं मला. तेव्हा मला त्या फोटोत एकच गोष्ट दिसली. माझ्या हातातल्या चपला.

पान बाजूला ठेवलं मी. तांब्या उचलला. आणि – सांगतेच आता – तांब्या सुटला नाही. धक्का लागला नाही. कुत्रं आडवं आलं नाही, पाय घसरला नाही. मी तो वाकवला. अक्षरांच्या बटणांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोपाला घालावं तसं सावकाश पाणी घातलं. फोटो थोडा वेळ तसाच होता. मग पडदा दोनदा थरथरला. मी पदरानं वरवर पुसलं, झाकण मिटलं, झाकणावर हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि हात जोडले. व्हय, हातही जोडले.

त्या दिवशी कुणी झाकण उघडणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. विसाव्याचा दिवस होता ना.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून सगळे आले, आपट्याची पानं दिलीघेतली आणि गजाननानं मोठ्या थाटात नारळ फोडून झाकण उघडलं. काळं. बटण दाबलं. काळं. वायर लावली, काढली, पुन्हा लावली. शीतल आधी हसत होती. मग तिनं त्याच्या हातातून घेतला आणि मांडीवर धरून तशीच बसली. मामांनी खाली बसत विचारलं, ‘दात बघितले न्हाईत का रे?’ गंमत म्हणूनच विचारलं त्यांनी, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गजानन तो घेऊन नांदेडला दुरुस्तीला गेला. तिथं उघडून सांगितलं – आत पाणी गेलंय, हमी लागू नाही, दुरुस्तीला नव्याइतकाच खर्च. तो परत येऊन तेच तेच म्हणत राहिला, ‘आमच्या घरी पानी पडलंच न्हाई. पूजेचे चार थेंब, तेबी मिटल्या झाकनावर. काहून पडंल?’ कुणाचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. संशयसुद्धा माझ्यापर्यंत येत नव्हता, इतकी मी त्यांना आपली होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात आहे कुठं? मीच तोंड उघडलं. ‘पयल्या मालकानंच पानी सांडलं आसंल. वरून पुसून दिला तुमाला. जुनं ते जुनंच, भावजी.’

बस्स, एवढंच वाक्य. ज्याला कुणी पाहिलं नाही असा एक माणूस मी उभा केला, त्याच्या हातात माझा तांब्या दिला, आणि घरानं तो खरा मानला. तांब्याचं पाप त्या माणसावर गेलं, पण फसल्याचं पाप गजाननवर आलं. त्यानं पारखून घेतला होता ना? कान लावून? तो भांडायला संभाजीनगरला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. मामा काही दिवस उठताबसता म्हणायचे, जनावर असतं तर चार दिवस तरी चाललं असतं. गावात लोक विचारायचे, ‘काय गजानन, कंपनीच्या घरून मेलेलं घेऊन आला म्हनं?’ ही बातमी गावात कुणी पसरवली, हे तुम्हाला सांगायला नकोच. पुढच्या बाजाराला त्याला बोलवायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग एकदा आमच्याच घरची एक मेंढी घ्यायची होती, तर तो मामांना म्हणाला, ‘तुमीच बगा. मला काय कळतंय?’ मला माझ्या पाटावरून उठवलं म्हणून मी जळत होते, आणि मी कुणाला उठवलं बघा. ज्यानं माझं काहीच घेतलं नव्हतं.

शीतलनं नवऱ्याला चारचौघांत एक शब्द ऐकवला नाही. तिनं मोबाइलवरून चाचणीचे तास घ्यायचं करून पाहिलं. पहिलाच तास अर्ध्यात तुटला. काम दुसऱ्या कुणाला गेलं. घरात बोलणं कमी झालं. दोघं एका ताटात जेवायची, ती वेगळी जेवायला लागली. एक दिवस ती माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, ‘ताई, ह्यांनी लई हौसेनं आनला होता. मी त्यांच्याकडं बगूच शकून नाही राहिले.’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हातानं.

उन्हाळ्याच्या आत दोघं पुण्याला गेली. तिला एका ऑफिसात काम मिळालं, गजानन एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. मेंढरांमागं जायला कुणी उरलं नाही म्हणून मामांनी ती विकली. मेंढरं कोंडायचं वाडगं रिकामं झालं, तिथं आता माझा नवरा कडबा रचतो. आत्याबाई नातीला मोबाइलवर बघतात आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तसाच हातात धरून बसतात.

आणि गल्लीतल्या बायका पुन्हा माझ्याकडं कागद घेऊन यायला लागल्या. दारात आलं की सरळ माझंच नाव. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगू – बरेच दिवस झाला. शीतल गेल्यानंतरच्या पहिल्या अर्जाला मी ठेवणीतला पेन काढला होता.

तुम्ही म्हणाल, अगं, सांगून टाकायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गजाननची पारख तरी वाचली असती. वर्षानं सांगितलं असतं तरी ती दोघं एका ताटात जेवली असती कदाचित. दर वेळी वाटायचं, आता फार उशीर झाला. तेव्हाही तो फार नव्हता. भीती कशाची होती? मार बसेल, माहेरी धाडतील – छे, तसं आमच्या घरात कुणी नाही. मला थोरली म्हणणं बंद होईल, एवढीच भीती होती. तेवढ्यासाठी मी सगळं तसंच राहू दिलं.

लॅपटॉप आमच्याच घरी आहे. जाताना गजाननानं तो नेला नाही, आणि टाकवलाही नाही त्याच्यानं. आत्याबाईंनी त्याच टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. दर खंडेनवमीला त्या तो बाहेर काढतात आणि पाटावर मांडतात. चालो न चालो, हत्यार ते हत्यारच, असं त्यांचं म्हणणं. कातरी आहेत, मेंढरं नाहीत. कोयता आहे. मामांची काठी आहे. आणि तो आहे. पूजा थोरल्या सुनेनं करायची.

गेल्या खंडेनवमीला पूजेच्या वेळी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला होता. आत्याबाईंनी मोबाइल तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला, म्हणजे पूजा तिकडून दिसावी. शीतल, शेजारी मुलगी, मागं कुठं तरी गजानन. मी कातरींवर पाणी शिंपडलं, कोयत्यावर शिंपडलं. लॅपटॉपपाशी आले आणि मिटल्या झाकणावर पानानं एकच थेंब टाकला. शीतलनं ते पाहिलं आणि हसली – खरंच हसली, मनात काही नव्हतं तिच्या. म्हणाली, ‘ताई, त्याला घाला की भरपूर पानी. आता काय बिघडनार हाय त्याचं?’

मागं गजाननही हसला. फार दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

मी तांब्या उचलला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यावर वाकवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तसाच सावकाश.